पेटी आम्हीच चढवणार

इस्राएलात किर्यात मलाखीहून थोडं आत आमचं मोशाव आहे, म्हणजे शेतकऱ्यांचं सहकारी गाव. एका हिवाळ्यात त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं की आमची संत्र्याची बाग आता जाणार. शेजारी तर हात मागे बांधून आमच्या झाडांमधून फिरायलाही लागला होता. एखाद्या झाडाशी थांबायचा, फांदी हलवून बघायचा, पुढे जायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि कणकेला असे गुद्दे मारायची की सासूबाई विचारायच्या, "मेली नाय का गो ती अजून?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. पॅकिंग हाऊसनं जुन्या लाकडी पेट्या बंद करून प्लास्टिकच्या मोठ्या पेट्या आणल्या होत्या. पेटी म्हटल्यावर मुंबईची आंब्याची पेटी डोळ्यांसमोर आणू नका. हिच्यात चार माणसं मांडी घालून पत्ते खेळू शकतील. संत्र्यांनी भरली की ती ढकलली तरी हलत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या काट्यांवर ती गुडघ्याएवढी उचलून बागेतून अंगणापर्यंत आणता येते, पण तेवढंच. ट्रकवर चढवायची तर ती डोक्याएवढी वर न्यावी लागते, आणि ते काम पुढच्या लोडरचं. लोडर म्हणजे ट्रॅक्टरच्या नाकापुढे बसवलेले दोन लांब लोखंडी हात, तेलाच्या दाबावर वरखाली होणारे. आमचा ट्रॅक्टर जुना, लोडर त्याहून जुना. नव्या भरल्या पेटीखाली काटे घातले की तो मांडीपर्यंत उचलायचा, कण्हायचा आणि थांबायचा.

आदल्या वर्षी यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यावर एक शेतकरी उपाय काढला होता. पेटी अर्धी रिकामी करायची, अर्धी वर चढवायची, मग स्वतः ट्रकवर चढून उरलेली संत्री बादल्यांनी वर घेऊन पेटी भरायची. सगळा हंगाम हे असं चाललं आणि हंगामाच्या शेवटी यांची कंबर गेली. बेर्शेबाच्या हॉस्पिटलात पाठीवर पडून राहिले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की चहाच्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, आणि त्या थट्टा करत नव्हत्या.

पॅकिंग हाऊसचा नियम असा की ट्रक दारात येईल, पण पेट्या शेतकऱ्यानं आपल्या आपण चढवायच्या. जो चढवू शकत नाही त्याचा माल राहिला. शेजाऱ्याकडे नवा कोरा, मोठ्ठा ट्रॅक्टर होता. त्याला मी स्वतः जाऊन विचारलं की आमच्या पेट्या चढवून देशील का. तो म्हणाला, "मी माझीच फळं चढवतो. बाग मला कसायला द्या, मग ती फळं माझी होतील आणि मी ती आनंदानं चढवीन." आमच्याकडे अशा माणसाला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणतात. ते हिब्रूत कसं सांगायचं हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी दार आपटून घरी आले. घरी येऊन कळलं की यांनी त्याला आधीच मान हलवून होकार दिला होता. पहिल्या तोडणीच्या वेळी ट्रक रिकामा गेला, तर बाग त्याची, असं ठरलं होतं.

हे तरुणपणी मुंबईहून आले, येरुहामच्या कारखान्यात राबले, मग इथे जमीन मिळाली तेव्हा या बागेतलं प्रत्येक झाड यांनी आपल्या हातानं लावलं. बाग गेली असती तर आम्ही काही उपाशी मेलो नसतो. पण हे पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून परक्या माणसाला ती फळं तोडताना बघत राहिले असते, आणि मला ते बघायचं नव्हतं. हॉस्पिटलातून आल्यापासून हे बोलेनासे झाले होते. विचारलं की म्हणायचे, "सोड ना आता." मला सोडता येत नाही. माहेरीसुद्धा माझ्या या गुणाचं कोणी कौतुक केलं नव्हतं.

आधी किर्यात मलाखीचा मेकॅनिक बोलावला. त्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, बॉनेट लावलं. "एन मा लासोत," तो म्हणाला. म्हणजे काही करण्यासारखं नाही. या देशात आल्यावर माणूस हे तीन शब्द सगळ्यांत आधी शिकतो. "पंप मेलाय. ट्रॅक्टरही मेलाय, फक्त त्याला कोणी कळवलेलं नाही."

"पंप मेलेला नाही," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि यांनाच म्हणाला, "तुमच्या देशात असलं ओझं हत्ती उचलतात ना?"

माझं डोकं फिरलं. मी त्याला सांगितलं की आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले ते पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. तेव्हा तेलावर दाब कसा द्यायचा नि त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं हे आम्हाला तू शिकवू नकोस. अर्ध्यात माझं हिब्रू संपलं आणि उरलेलं मी मराठीत बोलले. त्याला समजलं असावं, कारण तो चहा न पिता गेला.

"आता तो परत यायचा नाय," हे म्हणाले.

"यायलाच नको," मी म्हणाले.

नुसत्या रागानं पेटी वर जात नाही हे मलाही कळत होतं. पण मी काही हवेत बोलत नव्हते. लग्नाआधी मी ठाण्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. तिथे हायड्रॉलिक प्रेस बनत, आणि त्यांची ड्रॉइंगं आम्ही मुली ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायचो. पान्याला कधी हात लावला नव्हता, पण असलं यंत्र आतून कसं असतं हे माझ्या बोटांना पाठ होतं. सगळं गाव सांगत होतं, मोठा पंप घाला. जो येईल तो चहा पिता पिता हेच सांगायचा. मोठा पंप घातला तर तेल भराभर येतं आणि हात भराभर वर जातात, एवढंच. किती वजन उचललं जाईल ते तेलाच्या दाबावर आणि ते तेल ज्या दट्ट्याला ढकलतं त्याच्या रुंदीवर असतं. आमच्या लोडरचे हात रिकामे असताना पूर्वीच्याच चालीनं वर जात होते, सकाळी थंडीत आणि दुपारी तेल तापल्यावरही. पंप झिजला असता तर तेल तापल्यावर ते रेंगाळले असते. म्हणजे पंप तेल आणत होता आणि ते मध्येच कुठून तरी पळून जात होतं.

कुठून, तेही मला दिसत होतं. अशा यंत्रात एक झडप असते. दाब फार वाढला तर नळ्या फुटू नयेत म्हणून ती उघडते आणि तेलाला टाकीत परत सोडते. तिला एक स्प्रिंग दाबून धरते. स्प्रिंग म्हातारी झाली की झडप वेळेआधीच उघडते. सासूबाईंना मी सांगितलं, "कुकरची शिट्टी हलकी झाली तर वाफ आधीच निघून जाईल, मग डाळ शिजेल का?"

"कच्ची ऱ्हायल," त्या म्हणाल्या. मोशावात हे ज्यांना एका झटक्यात समजलं अशा त्या एकट्याच.

बेर्शेबात हायड्रॉलिकच्या नळ्या विकणारं एक दुकान होतं. दुकानदार रशियाहून नुकता आलेला, तिकडे मोठा इंजिनीअर होता म्हणे. त्याचं हिब्रू माझ्याहून वाईट. आम्ही दोघांनी काउंटरवर कागद घेऊन चित्रं काढली आणि हिब्रूत जे जमलं नसतं ते चित्रांत सहज जमलं. त्यानं मला दाब मोजायचा गेज दिला, दट्ट्यांची नवी रबरी सीलं दिली आणि स्प्रिंगखाली घालायच्या पातळ पोलादी चकत्या दिल्या. मग बोट नाचवून ताकीद दिली. कंपनीनं ठरवलेल्या दाबाच्या वर जायचं नाही. गेलात तर जुनी नळी फुटेल, तेल सुईसारखं कातडीत घुसेल, नाहीतर लोडरचे हात वाकतील, नाहीतर पुढचा आस मोडेल. मी ते थट्टेवारी नेऊ नये म्हणून त्यानं ते दोनदा सांगितलं.

गेज लावला. मी सीटवर बसले, लोडरचे हात पार वर नेले आणि दांडा तसाच ओढून धरला. झडप शिट्टी घालायला लागली आणि काटा कंपनीच्या आकड्याच्या कितीतरी अलीकडे थांबला. मला इतका आनंद झाला की मी ओरडले. हे घरातून काठी टेकत बाहेर आले, काय मोडलं ते बघायला.

"काही मोडलं नाही," मी म्हणाले. "यानं इतकी वर्षं अर्ध्या पोटानं काम केलंय, बघा."

यांनी गेजकडे पाहिलं. मग एक स्टूल मागितलं.

मला त्या दिवशीचं ते स्टूल मागणं फार महत्त्वाचं वाटतं. झडप मी उघडली, पण हात यांचे चालू लागले. एक चकती घातली, काटा थोडा सरकला. आणखी एक घातली, आणखी सरकला. ठरलेल्या आकड्याशी पोचलो तेव्हा हे म्हणाले, "अजून एक घाल ना." डोळ्यांत लहान मुलाची हाव होती. मी नाही म्हटलं. आमचं त्यावरून कडाक्याचं भांडण झालं आणि कित्येक महिन्यांनी यांचा आवाज चढला. मी चकत्यांची पिशवी एप्रनच्या खिशात टाकून आत निघून गेले आणि स्वयंपाकघरात उभी राहून हसले.

पुढचं काम यांचंच. पेटी वर धरून इंजिन बंद केलं की हात हळूहळू खाली येत. दट्ट्यांची सीलं गेली होती. हातांखाली लाकडी टेकू देऊन यांनी स्टुलावर बसून दट्टे उघडले आणि सीलं बदलली. मग पेटीचे काटे. आमचे काटे लोडरच्या माती उचलायच्या लोखंडी बादलीच्या पुढे जोडलेले होते, म्हणजे आधी बादलीचं वजन, त्यापुढे काटे, त्यांच्यापुढे पेटी. तांदळाची गोण कडेवर घेऊन माणूस बाजारातून घरी येतो. तीच हात लांब करून धरायची म्हटलं तर दारापर्यंतही पोचणार नाही. आम्ही बादली काढून टाकली आणि काटे सरळ लोडरच्या हातांना जोडायचं ठरवलं. यांनी वेल्डिंगचा मुखवटा बाहेर काढला. हॉस्पिटलातून आल्यापासून तो खिळ्याला टांगलेला होता. ठिणग्या उडाल्या तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी चहा टाकायला आत पळाले. तिथे थांबले असते तर रडले असते.

गळून पडलेल्या फळांनी अर्धी भरलेली जुनी लाकडी पेटी घेऊन करून पाहिलं. सरसर वर गेली. बागेत तोडणी अजून सुरू व्हायची होती, त्यामुळे नवी पेटी काठोकाठ भरायला फळंच नव्हती. गेजवर दाब बरोबर दिसत होता, कागदावर माझा हिशेब बरोबर होता, आणि मला तेवढं पुरेसं वाटलं.

इथे सासूबाईंनी आपला डाव टाकला. शनिवारी सिनेगॉगमध्ये शेजाऱ्याची बायको त्यांच्याजवळ येऊन बसली आणि गळा काढून म्हणाली की बाग जाणार याचं तिला फार वाईट वाटतं. सासूबाईंचं हिब्रू बेतास बात, पण बाग, जाणार आणि वाईट एवढं त्यांना समजलं. त्यांनी तिथल्या तिथे सगळ्या बायकांना आमंत्रण दिलं. गुरुवारी दुपारी आमच्या अंगणात एलियाहू हन्नाबीचा मलिदा, सगळ्यांनी यायचं, तूसुद्धा ये आणि नवऱ्याला आण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा बेने इस्राएल लोकांत एलियाहू पैगंबराला नवस बोलतात, आणि काम झालं की मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, सुका मेवा, वर फळं. गाणं म्हणायचं, आशीर्वाद म्हणायचे, सगळ्यांनी खायचं. पण काम झालं की. नीट वाचा. गुरुवारी दुपारी तर ट्रक यायचा होता.

"आई, अजून एक भरली पेटी वर गेलेली नाही," मी म्हणाले. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं झालं हे."

"बाशिंग बांधलं तं नवऱ्याला पळता येत नाय," त्या म्हणाल्या. "आभार आधी मानले का त्याला पन लाज वाटते, मागं फिरायची."

"कोणाला?"

"हन्नाबीला. त्यानं आपला रथ आमच्या कोकणातल्या खंडाळ्याच्या खडकावरनं वर नेला, चाकाची खूण अजून हाय तिथं. घोडे, रथ, सगळं. तुझी मोसंब्यांची पेटी काय त्याच्यापेक्षा जड हाय?" त्या संत्र्यांना मरेपर्यंत मोसंबीच म्हणाल्या. "आणि टाइम फिक्स झालाय. पोहे आण बेर्शेबाहून."

हे डोक्याला हात लावून बसले. मी पोहे आणले. मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त मला त्या बाईचं वाईट वाटणं झोंबलं होतं. आता जे व्हायचं ते सगळ्यांच्या देखत होऊ दे, म्हटलं.

गुरुवारी सकाळपासून तोडणी झाली आणि अंगणात भरलेल्या पेट्यांची रांग लागली. दुपारी लोक आले. आमची चार भारतीय घरं टोप्या, रुमाल डोक्यावर घालून पुढे बसली. बाकीचे गाववाले मागे उभे राहून, हे लोक कच्चे पोहे का खातात, असं एकमेकांना विचारत होते आणि हळूच दुसऱ्यांदा घेत होते. गाणं चालू असतानाच ट्रक आला. ड्रायव्हर उतरला, त्याच्याही हातात सासूबाईंनी बशी दिली. शेजारी फाटकाशी उभा होता. त्यानं बशी घेतली नाही.

मी सीटवर चढले. यांना धक्के सोसणार नव्हते म्हणून ट्रॅक्टर मीच चालवायचा होता. पहिल्या पेटीखाली काटे घातले, दांडा ओढला. लोडरचे हात ताठ झाले. इंजिन जरा दबलं. आणि मला वाटलं मी पुढे घसरतेय. पेटी जमिनीवर तशीच होती आणि माझ्या पाठीमागे ट्रॅक्टरची मोठी चाकं जमीन सोडून वर उचलली गेली होती.

मी झटकन दांडा सोडला. ट्रॅक्टर धाडकन मागे आदळला आणि माझे दात एकमेकांवर वाजले. सगळं अंगण हसलं. तोंडात मलिदा असलेली माणसं हसली की कशी दिसतात ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं. कोणी तरी म्हणालं, "हिंदी ट्रॅक्टर नमस्कार घालतोय."

ठाण्याच्या कारखान्यात प्रेस जमिनीत बोल्टांनी आवळलेला असे. ज्या ड्रॉइंगांवर माझी बोटं चालली त्यांतल्या एकाही यंत्रानं कधी ढुंगण वर केलं नव्हतं. ट्रॅक्टरला खाली कोणी आवळलेलं नसतं, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

ड्रायव्हरनं घड्याळ पाहिलं. शेजारी दोन पावलं पुढे आला आणि गोड आवाजात म्हणाला, "माझा ट्रॅक्टर आणू का?"

"नको!" मी सीटवरूनच ओरडले. "हसताय काय? बघितलंत का यानं काय उचललं ते? अख्खा ट्रॅक्टर उचलला! माझ्यासकट! कोण म्हणत होतं यात ताकद नाही?" माझा आवाज चिरकला, पण मी खरं तेच बोलत होते. जो लोडर गेल्या वर्षी मांडीपर्यंत उचलून कण्हत होता तो आता ट्रॅक्टरलाच पुरून उरत होता. फक्त पुढे काय करायचं ते मला त्या घटकेला सुचत नव्हतं.

मग मागून यांचा आवाज आला. कधी चालत आले ते मला कळलं नाही. काठी कुठे तरी टाकून दिली होती. "मागच्या काट्यांवर एक भरलेली पेटी घे," हे म्हणाले. "पुढे जड झालंय, मागेही जड कर. आणि पुढच्या चाकांत हवा कमी दिसतेय, थांब, ती भरू दे." हे सगळं यांनी मला नाही, जमलेल्या लोकांना हुकूम सोडावेत तसं म्हटलं, आणि दोघेजण खरोखरच पंप आणायला पळाले.

मागचे काटे लावले. एक काठोकाठ भरलेली पेटी मागे उचलून घेतली, अगदी खाली, जमिनीपासून थोडीच वर. हवा भरली. "जमीन सपाट आहे तिथूनच ने," हे म्हणाले, "आणि पेटी वर गेली की चालवायचं नाही, फार तर हातभर." लोकांना यांनी चांगलं लांब मागे सरकवलं. मी परत पहिल्या पेटीखाली काटे घातले आणि दांडा ओढला. लोडर ताठ झाला, इंजिन दबलं, मी खाली मागच्या चाकांकडे बघत राहिले. ती जागची हलली नाहीत. समोर बघितलं तर पेटी माझ्या डोळ्यांच्या वर होती.

सासूबाईंनी गाणं जिथे तुटलं होतं तिथून परत सुरू केलं. त्यांना वाटलं आता म्हणायला हरकत नाही.

एकामागून एक पेट्या चढल्या. वेळ लागला, आमचा लोडर काही घाईचा नव्हता. ड्रायव्हरनं घड्याळ बघायचं सोडून दुसरी बशी घेतली. कोणी हसलं नाही. लोक मोठ्यानं, "अजून थोडी, अजून थोडी," असं म्हणत राहिले, जणू पेटी त्यांचीच होती. मी गेजकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटी अंगण रिकामं झालं आणि ट्रक भरला. एक पेटी तेवढी राहिली, ट्रॅक्टरच्या मागची, तोल धरणारी.

"ही पण दे," ड्रायव्हर म्हणाला. "मागे दगड भर आणि चढव."

सहज झालं असतं. मी खाली उतरायला लागले. पण सासूबाई त्या पेटीवर हात ठेवून उभ्या होत्या. "ही नाय जायची. ही हन्नाबीची," त्या म्हणाल्या. "घ्या, रे, सगळ्यांनी. फळ नेल्याशिवाय मलिद्याचं पुण्य नाय लागत." असा काही नियम माझ्या ऐकण्यात नव्हता. पण लोकांना तो पटला. कोणी टोपीत, कोणी स्वेटर काढून त्यात, कोणी आमच्याच रिकाम्या बशांत संत्री भरून घेतली. पॅकिंग हाऊसला एक पेटी कमी गेली आणि मला त्याचं काडीचंही दुःख झालं नाही.

शेजारी अजून फाटकाशीच होता. निघायचं तर सगळ्यांच्या देखत निघावं लागलं असतं, आणि थांबायचं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. हे पेटीपाशी गेले. डॉक्टरीणबाईंचा हुकूम यांना पाठ होता, म्हणून एकेकच संत्रं उचलत होते. दाबून बघत, वास घेत, चांगलं असेल तेच काढत. एकेक फळ शेजाऱ्याच्या हातांवर ठेवत गेले. त्याला नको म्हणता येईना. हातांवर जागा उरली नाही तेव्हा हे थांबले.

"गोड आहेत," हे त्याला स्वच्छ हिब्रूत म्हणाले. हॉस्पिटलातून आल्यापासून त्याच्याशी हे पहिल्यांदाच मान वर करून बोलत होते. "पुढच्या वर्षीही ये. एवढी नक्की देईन."

शेजाऱ्याचे दोन्ही हात भरलेले होते, त्याला फाटक उघडता येईना. यांनीच पुढे होऊन त्याला ते उघडून दिलं. तो बाहेर पडला आणि यांनी आतून कडी लावली.